उदगीरचा तह, लेंडीचा करार आणि कौटिल्याचा कर्मसंधि

उदगीर हें नांव या त्रैमासिकाच्या वाचकांस एका तारखेनें परिचित आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं औशाच्या वाटेवर सदाशिवरावभाऊंच्या फौजांनीं सलाबतजंग व निजामअली यांच्या सैन्यास कोंडून धरलें, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनीं आपलें काम केलें, आणि मागाहून जो तह झाला त्यानें सुमारें ६० लक्षांचा मुलूख व त्याबरोबर दौलताबाद, असीरगड, बुऱ्हाणपूर, विजापूर यांसारखीं स्थळें पेशव्यांकडे आलीं. एवढें सांगितलें कीं उदगीरचें प्रकरण मिटतें. पुढचें पान पानिपताचें. २०२२ च्या एप्रिलांत येथें ९५ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, त्या दिवसांत परगांवच्या पाहुण्यांस किल्ला दाखवितांना आम्हीहि हेंच सांगत होतों. त्यांतील एका गृहस्थानें तटावर उभें राहून विचारलें, "इकडचें पावसाचें पाणी उतरून जातें कोणाच्या मुलखांत?" सनावळ्या मुखोद्गत असलेल्या आम्हांस या साध्या प्रश्नाचें धड उत्तर देतां आलें नाहीं.

उत्तर असें आहे. उदगीर तालुक्याच्या माळावर लेंडी नदीचा उगम होतो. ती नांदेड जिल्ह्यांत उतरते, मुखेडच्या बाजूनें पुढें जाते आणि तिचें पाणी अखेर मांजरेस मिळतें. मांजरा ही बीड जिल्ह्यांत बालाघाटावर उगम पावून लातूर, बीदर व मेदक या मुलखांतून वळसा घेत निजामाबादेच्या बाजूस कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. म्हणजे आमच्या अंगणांत पडलेला पाऊस महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण या तिघांच्या दारावरून जातो. शेजाऱ्यांनीं मिळून एखाद्या प्रदेशाचा टिकाऊ उत्कर्ष कसा साधावा, याची चर्चा अलीकडे फार होते. तिची परीक्षा करावयास आम्हांस तालुक्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. या नद्यांविषयीं जे करार झाले त्यांचे मजकूर उपलब्ध आहेत. ते अद्याप दफ्तरदारांच्या व वकिलांच्याच वाचनांत आहेत. जुन्या कागदांची चिकित्सा करणाऱ्यांनीं ते हातीं घेतलेले आमच्या पाहण्यांत नाहींत. प्रस्तुत लेखांत आम्ही तें काम करून पाहणार आहों. तहनामा हातीं आला म्हणजे आपण जे प्रश्न विचारतों तेच येथें विचारावयाचे: पक्षकार कोण, कोणीं काय दिलें, जें दिलें तें कोणाच्या भूमीवरचें, आणि शिक्के कोणाचे.

प्रथम १७६० चा तह. त्याचा जो सारांश इतिहासग्रंथांतून सर्वश्रुत आहे तो किल्ल्यांचा व वसुलाच्या आंकड्यांचा आहे. मुलूख "इतक्या लक्षांचा" म्हणून मोजला गेला. त्या लक्षांत नांगर किती, विहिरी किती, हा विचार तहाचा नव्हे. दोष म्हणून आम्ही हें सांगत नाहीं. तह हा दोन सत्तांमधील कागद असतो, त्याची भाषा तीच असावयाची. परंतु त्याचें आयुष्य पाहावें. जानेवारी १७६१ त पानिपत झालें आणि लागलीच निजामानें उचल केली. १७६३ त पुणें जाळलें गेलें. आणि १० ऑगस्ट १७६३ रोजीं गोदावरीकांठीं राक्षसभुवनास तोच हिशेब पुन्हां तरवारीनें करावा लागला. उदगीरच्या शाईस चार वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. जो तह एका पक्षाच्या तात्पुरत्या दुर्बलतेवर उभा असतो तो ती दुर्बलता संपेपर्यंतच टिकतो, हें आपल्या अभ्यासकांस नवें नाहीं.

आतां दुसरा कागद. त्याआधीं थोडी पूर्वपीठिका सांगणें भाग आहे, कारण ती येथील तरुणांसहि ठाऊक नसते. १९५६ पर्यंत उदगीर हा हैदराबाद संस्थानांतील, व पुढें हैदराबाद राज्यांतील, बीदर जिल्ह्याचा तालुका होता. लेंडीचा उगम, मांजरेचा मधला वळसा आणि संगम हीं सर्व एकाच छत्राखालीं होतीं. निजामसागराचें काम १९२३ त सुरू होऊन १९३१ त पुरें झालें. नवाब अली नवाज जंग यांनीं तें योजिलें तेव्हां वरच्या व खालच्या शेतकऱ्यांत तंटा झाला असेल, परंतु दोन राज्यांचा करार लागला नाहीं, कारण राज्य एकच होतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली आणि त्या एका छत्राचे तीन तुकडे झाले. उदगीर मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आलें (लातूर जिल्हा १९८२ चा), बीदर म्हैसूर राज्यास गेलें, आणि नांदेड जिल्ह्याच्या देगलूर तालुक्यांतून बिचकुंदा व जुक्कल हीं मंडळें कापून आंध्र प्रदेशास जोडलीं गेलीं. हा शेवटचा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे. भाषेच्या न्यायानें रेषा ओढली गेली व ती बहुतांशीं न्याय्यच होती. पण पाण्याची भाषा कोणतीहि नसल्यामुळें त्याच्यासाठीं वेगळा कागद करावा लागला.

तो कागद म्हणजे महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यामधील ६ ऑक्टोबर १९७५ चा करार. गोदावरी जलविवाद लवाद १९६९ त नेमला गेला होता. लवादापुढें भांडत असतांनाच राज्यांनीं आपसांत करार केले, आणि न्यायमूर्ति बचावत यांच्या अध्यक्षतेखालील त्या लवादानें १९८० च्या अंतिम निवाड्यांत ते समाविष्ट करून घेतले. ही गोष्ट प्रशंसनीय आहे आणि आम्ही ती मनापासून करतों. कृष्णेच्या वांटणीचा वाद लवादामागून लवाद चालत आला. गोदावरीचा तंटा मात्र मुख्यतः समेटानें मिटला.

मजकुराचें सार असें. पैठणच्या वरचें सर्व पाणी व पूर्णेवर सिद्धेश्वरच्या वरचें सर्व पाणी महाराष्ट्राचें. त्याखालीं पोचमपाडापर्यंत महाराष्ट्रानें नव्या कामांसाठीं ६० अब्ज घनफुटांपेक्षां अधिक वापरूं नये; निजामसागराच्या वरच्या मांजरा खोऱ्यांत ही मर्यादा २२ अब्ज घनफुटांची. उरलेलें आंध्रानें आपल्या हितासाठीं वाटेल तसें वापरावें. व्यवहारांत ज्यास टीएमसी म्हणतात तोच हा अब्ज घनफूट. मसुदा स्वच्छ आहे. संदिग्ध पद जवळजवळ नाहीं, कोठें थांबावें याची खूण प्रत्येक कलमास आहे. पेशवेकालीन कित्येक तहनाम्यांपेक्षां हा कागद रचनेनें श्रेष्ठ आहे, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. तरी वाचून खालीं ठेवतांना मनांत तेंच आलें जें १७६० चा तह वाचून येतें. तेथें मुलूख लक्षांनीं मोजला होता, येथें पाणी अब्जांनीं मोजलें आहे. दोन्हींकडे उत्पन्न आहे. ज्याच्या भूमीवर हें घडावयाचें तो मनुष्य कोणत्याहि कलमांत उभा नाहीं.

असा कागद आपल्या शास्त्रांत कोणत्या जातीचा ठरेल? कौटिल्याचें नांव निघतांच लोक मंडलसिद्धांत सांगतात: लागून असलेला राजा तो अरि, त्याच्या पलीकडचा तो मित्र. शामशास्त्रींनीं १९०९ त म्हैसुरास अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केल्यापासून हा एक सिद्धांत इतका घोटला गेला आहे कीं शेजारी म्हणजे शत्रु यापलीकडे कौटिल्यानें कांहीं सांगितलेंच नाहीं, असा समज झाला आहे. सप्तम अधिकरण पुढें वाचावें. त्यांत मित्रसंधि, हिरण्यसंधि, भूमिसंधि, ओसाड भूमि वसविण्याविषयींचा अनवसितसंधि, आणि बाराव्या अध्यायांत कर्मसंधि आहे. दोन राजांनीं "तूं व मी अमुक काम करूं" असा करार करावा, आणि तीं कामें कोणतीं? दुर्ग, सेतुबंध म्हणजे पाण्याचीं बांधकामें, उपयुक्त वृक्षांचीं वनें, हत्तींचीं वनें, खाणी, व्यापारी मार्ग. आजच्या परिषदांची कार्यक्रमपत्रिका याहून फारशी निराळी नसते. हत्तींच्या जागीं आमच्याकडे देवणी गोवंश ठेवावा. देवणी-उदगीरचा हा वाण बीदरच्या बाजूसहि तितकाच घरचा आहे, आणि पुनर्रचनेच्या आयोगास त्याचा पत्ताहि नसेल.

सेतुबंधाविषयीं त्या अध्यायांत एक सूक्ष्म भेद केला आहे. ज्या बांधास स्वतःचें पाणी आहे तो सहोदक. ज्यास दुरून पाणी आणावें लागतें तो आहार्योदक. आणि पहिला दुसऱ्याहून श्रेष्ठ. हा भेद आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें यांत्रिकपणें शिकविला. २०१६ च्या एप्रिलांत मांजरा धरण कोरडें पडलें व मिरजेहून आगगाडीच्या टांक्यांतून लातुरास पाणी येऊं लागलें. पहिल्या खेपेस १० टांक्यांतून सुमारें ५ लक्ष लिटर पाणी आलें, तेंहि कृष्णेच्या खोऱ्यांतलें, सुमारें साडेतीनशें किलोमीटरांवरून. तेव्हां आहार्योदक शब्दाचा अर्थ आम्हांस प्रथम कळला. लोकांनीं गाडीस 'जलदूत' म्हटलें तें ठीकच. मेघास दूत करणाऱ्या कवीच्या देशांत हें नांव सुचावें यांत नवल नाहीं.

परंतु कर्मसंधीच्या अध्यायाचें पालुपद निराळें आहे. दोघांनीं काम केलें. ज्यानें थोडक्या खर्चांत अधिक चांगल्या जागीं केलें तो दुसऱ्याचें 'अतिसंधान' करतो, म्हणजे त्यास मात देतो. धातु तोच, उपसर्ग एकच अधिक. सम् लागून धा जोडतो. त्यामागें अति आला कीं जोडतां जोडतां फसवितो. सातव्या अधिकरणांतील प्रत्येक संधि या एका अंगानें तपासला आहे, आणि तेथेंहि प्रजेचा शब्द नाहीं. म्हणून १९७५ चा करार आम्ही शुद्ध कर्मसंधि मानतों: सज्जनपणें केलेला, उभयतांस मान्य, आणि अंतर्यामीं एकमेकांच्या अब्जांवर डोळा ठेवून असलेला.

येथेंच थांबलों तर कौटिल्यावर अन्याय होईल. पाण्याविषयीं त्याचें जें खरें शहाणपण आहे तें परराष्ट्रनीतींत नाहीं; तें तिसऱ्या अधिकरणांत, गांवकऱ्यांच्या आपसांतील तंट्यांच्या प्रकरणांत आहे. तेथें नियम असा कीं मागाहून बांधलेल्या खालच्या तळ्यानें वरच्या तळ्यावर भिजणारें शेत बुडवूं नये. आणि वरच्या तळ्यानें खालच्याचा भरणा अडवूं नये, मात्र तें तीन वर्षें वापराबाहेर पडलें असल्यास गोष्ट वेगळी. दुसऱ्या अधिकरणांत आणखी एक नियम आहे: अनेकांनीं मिळून बांध घालावयाचा ठरल्यावर जो अंग काढून घेईल त्याचे चाकर व बैल कामास लावावे, खर्चाचा वांटा त्यानें द्यावा, आणि फळाचा वांटा त्यास मिळूं नये. पाहा, गांवांत दोन शेजारी असले कीं बुडणारें शेत कायद्यास दिसतें. तेच शेजारी राजे झाले कीं तें शेत अदृश्य होतें. अर्थशास्त्रांतील ही फट आमच्या मतें त्या ग्रंथाची सर्वांत मोठी उणीव आहे. कंगले यांच्या चिकित्सक आवृत्तीच्या आधारें ग्रंथ पुन्हां वाचीत असतांना ती आम्हांस प्रथम जाणवली, आणि लेंडीच्या कांठीं तिचा अर्थ समजला.

लेंडी प्रकल्पाचें धरण मुखेड तालुक्यांत गोणेगांवाजवळ आहे. महाराष्ट्र व आंध्र (२०१४ नंतर तेलंगण) यांचें हें संयुक्त काम. खर्च दोघांचा, पाणी दोघांचें. एकूण ६.३६ अब्ज घनफुटांपैकीं ३.९३ महाराष्ट्राचे व २.४३ पलीकडचे. पलीकडे ज्या भागास पाणी मिळावयाचें त्यांत मदनूर व बिचकुंदा आहेत. वर ध्यानांत ठेवावयास सांगितलेलें बिचकुंदा तें हेंच. जे शेतकरी १९५६ पर्यंत देगलूरच्या तहशिलींत खेटे घालीत त्यांच्याशीं आतां आंतरराज्य करारानें पाणी वांटून घ्यावयाचें! शेजाऱ्यांतील सहकार्याचा याहून स्वाभाविक प्रसंग दुसरा शोधून सांपडणार नाहीं. आणि तरी १९८० नंतरच्या दशकांत हातीं घेतलेलें हें काम चाळीस वर्षें रेंगाळलें. आंकड्यांवर तंटा नव्हता. अडलें तें बुडणाऱ्या गांवांच्या पुनर्वसनावर, म्हणजे ज्या कलमास कागदांत जागा नव्हती त्यावर.

२०२५ च्या उन्हाळ्यांत घळभरणी पुढें रेटण्यांत आली. नदीच्या पात्रांतील अखेरची खिंड बुजविणें तिला घळभरणी म्हणतात. ती झाली कीं धरण पाणी धरूं लागतें. पुनर्वसन आधीं पुरें व्हावें, मग खिंड बुजवावी, असें बुडीत क्षेत्रांतील गांवांचें म्हणणें होतें. ऑगस्टच्या मध्यास मुखेडांत एका दिवसांत २०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. उदगीर, लातूर व कर्नाटकाच्या बाजूनें आलेला लोंढा धरणांत शिरला आणि रात्रींतून रावणगांव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली यांत पाणी घुसलें. सैन्य बोलवावें लागलें. माणसें गेलीं, गुरें दावणीस बांधलेलीं तशींच मेलीं. उदगीरहून निघालेलें पाणी कोणाच्या मुलखांत जातें या पाहुण्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस असें मिळालें. तिसऱ्या अधिकरणांतील नियम पुन्हां आठवावा: मागाहून बांधलेल्यानें आधींच्याचें बुडवूं नये. कौटिल्याच्या काळीं गांवच्या तळ्याचा मालक ज्या बंधनानें बांधलेला होता, तें बंधन दोन राज्यांच्या संयुक्त धरणास लावणारा कोणी नव्हता.

कोणी म्हणेल, कीं तंटा असल्यास त्यासाठीं कायदा आहे. आहे, १९५६ चा आंतरराज्य नदी जलविवाद कायदा. आम्हीं त्याचेंहि तिसरें कलम पाहिलें. राज्याच्या अथवा तेथील रहिवाशांच्या हितास बाध येत असल्यास तक्रार करतां येते, असा त्याचा आशय आहे. रहिवासी हा शब्द तेथें आढळल्यानें आम्हांस आनंद झाला. पण वाक्याचा कर्ता पाहावा. तक्रार राज्य सरकारनें करावयाची. रहिवासी हें त्या वाक्यांतील संबंधी पद आहे, कर्तृपद नव्हे. आणि दोन्हीं राज्यें एकाच बाजूस असलीं, जशीं लेंडीवर आहेत, तर तक्रार कोणाविरुद्ध व कोणीं करावी? सहकार्य जितकें गाढ तितका बुडणारा एकाकी, अशी ही विपरीत स्थिति आहे. शेजारी राज्यें भांडतात तेव्हां प्रजेचें नुकसान होतें हें सर्वांस दिसतें. तीं एकमतानें वागतात तेव्हांहि तें होऊं शकतें, हें लेंडीनें दाखविलें.

याच्या उलट बाभळीचा कागद आहे. धर्माबाद तालुक्यांत गोदावरीवर २.७४ अब्ज घनफुटांचा बंधारा. पोचमपाडाच्या फुगवट्यांत तो येतो म्हणून आंध्राचा विरोध. २०१० त चंद्राबाबू नायडू अनुयायांसह चालून आले व धर्माबादेस अटकेंत राहिले, तें नाट्य अनेकांस आठवत असेल. २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारें उघडीं ठेवावीं, १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खालीं सोडावें, आणि केंद्रीय जल आयोग व दोन्हीं राज्यें यांच्या प्रतिनिधींची त्रिसदस्य समिति देखरेखीस असावी. या कागदावर आमच्या भागांत रोष आहे. पावसाळ्यांत दारें उघडीं आणि पाऊस सरल्यावर बंद, मग भरावयाचें काय, हें म्हणणें निराधार नाहीं. परंतु मसुदा म्हणून तो आम्हांस १९७५ च्या कराराहून पुढचा वाटतो. त्यांत तारीख आहे, कृति आहे, आणि कृतीस साक्षीदार आहेत. १ जुलैस दोन्हींकडचे अधिकारी जमतात, त्यांच्या समक्ष दारें वर उचललीं जातात. कराराचा हा भाग दरवर्षीं पुन्हां घडतो. तो कोणाच्या तात्पुरत्या दुर्बलतेवर उभा नाहीं, म्हणून त्याचें आयुष्य उदगीरच्या तहापेक्षां आधींच मोठें झालें आहे.

साक्षीदारांच्या समक्ष कृति, हें वाक्य लिहितांना आपल्या संग्रहांतील एक जुना प्रकार डोळ्यांपुढें येतो. शिवेचा तंटा लागला म्हणजे दोन्हीं गांवांचें व आसपासच्या गांवांचें गोत बसे, शीव पायांनीं चालून पाहत आणि मग महजर होई. देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत नांवें लागत; लिहितां न येणाऱ्या पाटलाची निशाणी नांगर, इतरांचीं ज्याच्या त्याच्या धंद्याचीं हत्यारें. आम्ही महजरांस सोन्याचा मुलामा देऊं इच्छीत नाहीं. बनावट महजर पुष्कळ सांपडतात. दबावाखालीं झालेले तर त्याहून अधिक. आणि हद्दीच्या वादांत महाराची साक्ष मोलाची मानली जाई, पण निकालाचें फळ त्याच्या पदरांत क्वचितच पडे. तरी कागदाची जात म्हणून पाहतां तहनामा व महजर यांत जो फरक आहे तोच सातव्या व तिसऱ्या अधिकरणांत आहे. तहनाम्यांत दोन शिक्के असतात. महजरांत ज्याच्या बांधावरून रेषा जाते त्याची निशाणी असते. लेंडीवर तहनामा झाला. व्हावयास हवा होता महजर.

देशादेशांच्या व्यवहारांतहि हें ताडून पाहतां येतें. १९४४ त मद्रास इलाखा व हैदराबाद संस्थान या दोन शेजाऱ्यांनीं तुंगभद्रेचें पाणी सारखें वांटून घेण्याचें ठरविलें, आणि २८ फेब्रुवारी १९४५ रोजीं एका तीरावर वऱ्हाडचे युवराज व दुसऱ्या तीरावर मद्रासचे गव्हर्नर यांनीं कोनशिला बसविल्या. एका धरणास दोन कोनशिला, हा प्रकार मोठा बोलका आहे. पुढें दोन्हीं सत्ता नाहींशा झाल्या, धरण राहिलें. सिंधूच्या पाण्याचा भारत-पाकिस्तान करार १९ सप्टेंबर १९६० चा. त्यानें नद्याच वांटल्या, तीन इकडे, तीन तिकडे. दोन मोठ्या युद्धांतून तो टिकला म्हणून जगानें वाखाणला, आणि २३ एप्रिल २०२५ रोजीं भारतानें तो स्थगित केल्याचें जाहीर केलें. बांगला देशाशीं गंगेचा करार १२ डिसेंबर १९९६ चा, मुदत ३० वर्षें. त्यांत फराक्क्याचें उन्हाळी पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबानें वांटलें आहे. तारीखवार वांटणीचा हा प्रकार आम्हांस नद्या वांटण्यापेक्षां समंजस वाटतो, पण पद्मेच्या कांठच्या कोळ्याची निशाणी त्यावरहि नाहीं.

'शाश्वत विकास' या जोडशब्दाविषयीं व्याकरणाच्या बाजूनें एक शंका मांडून ठेवतों. विकास म्हणजे उमलणें; जें उमलतें तें शाश्वत नसतें, फुलास विचारावें. १९८७ त ब्रुंटलँड आयोगानें सांगितलेला आशय, कीं आजच्या गरजा भागवितांना पुढच्यांची सोय बुडवूं नये, तो उत्तम आहे. पण त्यासाठीं आपल्याकडे योगक्षेम हा शब्द होता. न मिळालेलें मिळविणें तो योग, मिळालेलें राखणें तो क्षेम. लेंडीच्या करारांत योग आहे, ६.३६ अब्ज घनफुटांचा. क्षेमाचें कलम राहून गेलें.

२३ ऑगस्ट २०१६ रोजीं मुंबईस महाराष्ट्र व तेलंगण यांच्यांत गोदावरी खोऱ्यांतील पुढील कामांविषयीं आणखी करार झाले. त्यांचें परीक्षण आम्ही येथें करीत नाहीं. तो भाग आमच्या पायवाटेच्या बाहेरचा आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या एखाद्या अभ्यासकानेंच तें करावें.

मंडळाच्या सभासदांस एक विनंती मात्र करावयाची आहे. पूर ओसरल्यावर आम्ही लेंडीकांठच्या एका गांवीं गेलों होतों. एका घरीं ओसरीवर दोरी बांधून तिच्यावर कागद वाळत घातले होते: सातबाराचे उतारे, घराच्या मोजणीचा तक्ता, भूसंपादनाच्या नोटिसा, चाळीस वर्षांच्या अर्जांच्या पोंचा. मोबदला मागावयास हेच कागद लागणार. शाई पसरली होती, कांहीं पानें एकमेकांस चिकटून लगदा झालीं होतीं, आणि घरची म्हातारी तीं नखानें सोडवूं पाहत होती. आम्हीं तिला थांबविलें. पोथी भिजली म्हणजे आपण काय करतों तें सांगितलें: उन्हांत टाकूं नये, पानें ओलीं असतांना ओढूं नयेत, टिपकागद घालून सावलींत हवेशीर ठेवावीं, टिपकागद वरचेवर बदलावा. तिनें विचारलें, "मास्तर, टिपकागद कुठं मिळतो?" आमच्या पिशवींत चार ताव होते, ते दिले. पुरे पडले नाहींत. अशा दप्तरांच्या नकला घेऊन ठेवण्याचें काम मंडळानें हातीं घ्यावें. शीव चालण्याचें जुनें काम आहे असें समजून तीन-चार सभासदांनीं येत्या उन्हाळ्याच्या आंत लेंडीकांठीं यावें. उतरण्याची व्यवस्था उदगिरांत आमच्या घरीं होईल. येतांना टिपकागद आणावा.